विहिरीवरील हातपंप : त्याची रचना, त्याचे गुणदोष व दात्याचें कर्तव्य

समितीच्या यंदाच्या विज्ञप्तींत "देखभाल निधि" असें एक नवें खातें उघडलेलें पाहून कित्येक सन्मान्य दात्यांनीं पृच्छा केली आहे. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, विंधन विहिरीसाठीं व पंपासाठीं द्रव्य आम्ही आनंदानें देऊं. परंतु चामड्याच्या वाट्या, सांखळीचें वंगण व कारागिराची मजुरी असल्या किरकोळ बाबींसाठीं निराळी वर्गणी कशाला? दिलेल्या वस्तूची निगा घेणाऱ्यानें राखावी, हीच जगाची रीत नव्हे काय? प्रश्न रास्त आहे, आणि तो विचारणारे गृहस्थ व्यवहारांत मुरलेले आहेत. त्याचें उत्तर पटावयाचें तर हें यंत्र चालतें कसें आणि बंद पडतें कशानें, हें आधीं समजून घेतलें पाहिजे. समितीच्या सांगण्यावरून तें येथें मांडण्याचा यत्न केला आहे. प्रस्तुत लेखक यंत्रविद्येचा जाणकार नव्हे, वकिलीचा धंदा करणारा आहे. परंतु या एका यंत्राच्या बाबतींत ठेंच लागून शिकण्याचा प्रसंग त्याजवर आला, तो पुढें यथास्थळीं सांगितला आहे.

१. पाणी वर येतें कसें

विहिरीचें पाणी वर काढण्याचीं साधनें आपल्याकडे थोडीं नव्हतीं. देशावर बैलांची मोट, कोंकणांतील बागाइतांत रहाट, आणि घरोघरच्या आडावर दोर व पोहरा. सुकाळीं हीं साधनें पुरीं पडत. दुष्काळ मात्र त्यांच्या वर्मावरच घाव घाली. चारा संपला कीं बैल दावणींतून बाजारांत जाई, आणि बैल गेला कीं मोट थांबे. पोहऱ्याला बैल लागत नाहीं हें खरें. पण पाणी जसजसें खोल जातें तसतसा दोर लांबतो, आणि तो ओढणारे हात बहुधा बायकांचे व मुलांचे असतात. शिवाय गांवांतील प्रत्येक घरचा पोहरा ज्या विहिरींत उतरतो, तिचें पाणी निर्मळ राहील अशी आशा करणें व्यर्थ होय. पायऱ्यांच्या विहिरींची गोष्ट याहूनही वाईट होती. नारूनें पीडलेला मनुष्य पाण्यांत पाय घालून घागर भरी, त्याच्या व्रणांतून रोगाचें बीज पाण्यांत पडे, आणि तेंच पाणी पिऊन पुढील वर्षीं आणखी चारजण अंथरुणास खिळत. हिंदुस्थानांतून नारूचें उच्चाटन झालें. शेवटचा रोगी १९९६ सालीं आढळला व २००० सालीं देश नारूमुक्त म्हणून जाहीर झाला. त्या यशांत पाणी गाळून पिण्याच्या शिकवणुकीचा वाटा आहे, तसाच पायऱ्यांच्या विहिरी बंद करून त्यांच्या जागीं बसविलेल्या हातपंपांचाही आहे.

हातपंप, ज्याला खेड्यांत "हापसा" म्हणतात, दोन जातींचा असतो. पहिल्या जातींत दट्ट्या जमिनीच्या वरच, पंपाच्या धडांत असतो. तो उचलला म्हणजे नळींतील हवा विरळ होते, आणि बाहेरील हवेचा दाब विहिरींतील पाणी नळींत चढवितो. परंतु या दाबाला मर्यादा आहे. तो पाण्याचा स्तंभ फार झालें तर सुमारें १०.३ मीटर तोलून धरतो. आणि सांध्यांतून हवा शिरते, झडपा गळतात, हें सर्व जमेस धरतां व्यवहारांत ७ मीटरच्या पुढें या पंपावर विसंबतां येत नाहीं. गंगेच्या खोऱ्यांत पाणी उथळ असतें, तेथें हा पंप उत्तम चालतो. आपल्या दख्खनच्या काळ्या कातळांत पाणी खडकाच्या फटींत व भेगांत दडलेलें, आणि उन्हाळ्यांत तें बरेंच खोल गेलेलें. तेथें हा पंप कोणी कितीही बळानें हापसला तरी पाणी येणार नाहीं. हा निसर्गाचा नियम आहे. कारागिराचा दोष नव्हे.

म्हणून दुसरी जात. हिच्यांत दट्ट्या व त्याचें नळकांडें हीं दोन्हीं खालीं, पाण्याच्या पातळीखालीं, सोडलेलीं असतात. वरच्या दांड्यापासून दट्ट्यापर्यंत लोखंडी सळयांची मालिका नळांतून गेलेली असते. दांडा खालीं दाबला कीं दट्ट्या वर येतो. त्याची झडप मिटलेली असल्यानें त्यावरील पाणी वर लोटलें जातें, आणि त्याच वेळीं नळकांड्याच्या तळाची झडप उघडून विहिरीचें पाणी आंत शिरतें. दांडा वर गेला कीं सळया स्वतःच्या भारानें खालीं उतरतात. तळाची झडप मिटते, दट्ट्याची उघडते, आणि आंत आलेलें पाणी दट्ट्याच्या वर जातें. येथें पाणी हवेच्या दाबानें चढत नसून माणसाच्या बळानें उचललें जातें. सबब ७ मीटरची मर्यादा येथें लागू नाहीं. दट्ट्याच्या कडेनें पाणी निसटूं नये म्हणून त्याला चामड्याच्या वाट्या बसविलेल्या असतात. या वाट्या वाचकांनीं ध्यानांत ठेवाव्या. पुढील सर्व प्रतिपादन त्यांजवर उभें आहे.

२. या यंत्राचा पूर्वेतिहास

१९६६-६७ सालीं बिहारांत व १९७२-७३ सालीं महाराष्ट्रांत जे भीषण दुष्काळ पडले, त्या काळांत युनिसेफच्या साहाय्यानें कठीण खडक भेदणारीं यंत्रें या देशांत आलीं. खडकांत मनगटाहून थोडें रुंद भोंक पाडून खोल पाण्यापर्यंत पोंचणें शक्य झालें. परंतु त्या भोंकावर बसविलेले पंप बिडाचे होते. एका कुटुंबाच्या परसांतील विहिरीसाठीं योजलेल्या परदेशी नमुन्यांच्या त्या नकला. घरचा पंप दिवसांतून पांचपन्नास वेळां हालतो, गांवचा पंप पहाटेपासून रात्रीपर्यंत हालत असतो. परिणाम व्हावयाचा तोच झाला. १९७४ च्या सुमारास झालेल्या पाहणींत बसविलेल्या पंपांपैकीं सुमारें तीन-चतुर्थांश बंद असल्याचें दिसून आलें. खडकाला भोंक पाडण्याचा सर्व खर्च, वर एक तुटका दांडा ठेवून, मातींत गेला होता.

यावर तोड निघाली ती आपल्याच प्रांतांत, ही गोष्ट आपणांस भूषणावह आहे. जालना येथें ख्रिस्ती मिशनच्या कार्यकर्त्यांनीं व त्यामागून सोलापूर येथील कारागिरांनीं बिडाऐवजीं पोलादी पत्र्याचें धड, एकाच आंसावर फिरणारा दांडा, आणि सळई सरळ रेषेंत ओढणारी सांखळी अशी रचना सिद्ध केली. सोलापुरी पंपाचाच पाया धरून भारत सरकार, युनिसेफ व एक सरकारी अभियांत्रिकी कारखाना यांनीं मिळून पुढील नमुना तयार केला, कोइमतूरच्या मुलखांत त्याची कसोटी पाहिली, आणि १९७९ सालीं भारतीय मानक संस्थेनें त्याचें प्रमाण ठरवून दिलें. हाच "इंडिया मार्क दोन" पंप. त्यावर कोणाचेंही एकस्व नाहीं. प्रमाणाबरहुकूम माल देणाऱ्या कोणाही कारखानदारास तो बनवितां येतो. म्हणून तो स्वस्त राहिला, त्याचे सुटे भाग एकमेकांस जुळतात, आणि तो आफ्रिकेतील अनेक देशांतही गेला. लोकोपयोगी शोध लोकांचाच ठेवल्यानें काय साधतें, याचा हा एक पाठ व्यापारी बंधूंनींही मनन करण्याजोगा आहे.

३. थोडा हिशेब

या पंपाच्या नळकांड्याचा आंतील व्यास ६३.५ मिलिमीटर व दट्ट्याची धांव १२५ मिलिमीटर असते. म्हणजे दांड्याच्या प्रत्येक खेपेस सुमारें ०.४ लिटर पाणी. मिनिटास ४० खेपा धरल्या तर साधारण १५ लिटर, तासास ९०० लिटर. पाणी ३० मीटर खोल असेल तर दट्ट्यावरील पाण्याचा भार सुमारें ९५ किलो, व सळयांचा भार २५ किलोंच्या वर. एकूण १२० किलो कोणती स्त्री उचलील? परंतु दांड्याची लांब व आंखूड बाजू यांचें प्रमाण आठास एक असल्यानें हाताला लागणारा जोर १५ किलोंच्या आसपास राहतो. तरफेचें तत्त्व गरिबाच्या उपयोगीं याहून सरळपणें क्वचितच पडलें असेल.

आतां दुसरी बाजू पाहूं. सरकारी योजनांत एका पंपामागें २५० माणसें व माणशीं रोज ४० लिटर पाणी असा मापदंड दीर्घकाळ धरला गेला. म्हणजे रोज १०,००० लिटर. म्हणजे हा दांडा रोज अकरा तासांहून अधिक हालला पाहिजे. टंचाईच्या दिवसांत माणशीं २० लिटरच धरले तरी साडेपांच तास. साडेपांच तासांत सुमारें १३,००० खेपा होतात, आणि प्रत्येक खेपेस चामड्याची वाटी नळकांड्याच्या भिंतीवर दोनदां घासते. ही वाटी झिजणें अपघात नव्हे. तें तिचें प्रारब्ध आहे. जें झिजणार हें आधींच ठाऊक आहे, त्याची तरतूद आधींच न करणें याला व्यापारी पेढीवर काय म्हणतील, तें मीं सांगावयास नको.

४. एका पंपाची हकीकत

येथें मला प्रथमपुरुषीं लिहिणें भाग आहे. सात वर्षांपूर्वीं माझ्या मातोश्रींच्या स्मरणार्थ मीं एका गांवीं विंधन विहीर घेऊन वर पंप बसविला. काळ्या दगडावर त्यांचें नांव व तिथि कोरविली. समारंभ झाला, नारळ फुटला, पहिली घागर भरली. त्यानंतर मी त्या गांवीं गेलों नाहीं. गेल्या उन्हाळ्यांत समितीच्या दौऱ्यांत तें गांव वाटेवर लागलें, म्हणून उतरलों. पंपाचा दांडा वर करून सुतळीनें बांधलेला होता. गांवास एकाआड एक दिवस पाण्याचा टँकर येत होता, आणि त्याच ओट्यावर बायका रिकाम्या घागरी मांडून त्याची वाट पाहत बसल्या होत्या. पंप दोन उन्हाळे बंद होता. एक वृद्ध बाई म्हणाली, "दादा, दगूड हाय तसाच हाय, पानी तेवढं गेलं."

आमच्याबरोबर कारागीर होता. तिकटीं उभारून, सहा माणसांच्या हातांनीं अर्धा दिवस खपून त्यानें सर्व नळ एकामागून एक वर काढले. विहिरींत पाणी होतें. चामड्याच्या दोन वाट्या कागदासारख्या झिजून फाटल्या होत्या; दुसरा कसलाच दोष नव्हता. त्या दोन वाट्यांची किंमत एका साध्या घागरीइतकीही नव्हती.

मीं चौकशी केली कीं कोणास कळविलें कां नाहीं. गांवकऱ्यांनीं सांगितलें, "पंप वकीलसाहेबांचा, त्याला हात लावावा कसा?" मी समजत होतों, पंप गांवाचा. सरकारी दप्तरांत तो पंप नव्हताच, कारण तो सरकारी पैशानें झालेला नव्हता. तीन पक्ष, आणि तिघांच्याही मतें मालक दुसराच. तीस वर्षें मालकी हक्काचे दावे चालविण्यांत घालविलेल्या मनुष्यानें स्वतःच्या आईच्या नांवानें दिलेल्या वस्तूचा साधा लेख करून ठेवला नव्हता. माझें दान बंद पडलें तें झिजलेल्या वाटीनें, आणि तें बंद राहिलें तें माझ्या हलगर्जीपणानें.

५. कायद्याची बाजू

यावरून लेखाची आवश्यकता सिद्ध होते. सार्वजनिक विहिरीसंबंधीं तीन गोष्टी लेखांत स्पष्ट असल्या पाहिजेत.

पहिली, पाणी कोणासाठीं. मुंबई कायदे कौन्सिलांत १९२३ सालीं श्री. सी. के. बोले यांचा ठराव संमत होऊन सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्या वर्गांस खुले झाले. तरी महाडच्या चवदार तळ्याचें पाणी पिण्यासाठीं १९२७ सालीं डॉ. आंबेडकरांस सत्याग्रह करावा लागला, आणि त्या तळ्याचा दावा मुंबई हायकोर्टांत निकालीं निघण्यास १९३७ साल उजाडलें. १९५० सालीं अमलांत आलेल्या राज्यघटनेच्या १५ व्या अनुच्छेदानें, जनतेच्या उपयोगासाठीं अर्पण केलेल्या विहिरींवर धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांच्या कारणानें कोणासही मज्जाव करतां येत नाहीं. दात्यानें विहीर लोकार्पण केली कीं हें बंधन तिजवर आपोआप येतें. पंप कोणाच्या आळींत, कोणाच्या दारासमोर बसवावयाचा, याचा निर्णय म्हणूनच सहज घ्यावयाचा नसतो. जागा चुकली तर कायदा कागदावर राहतो.

दुसरी, पाण्याचें संरक्षण. १८८२ सालच्या सुविधाधिकारांच्या कायद्याप्रमाणें आपल्या जमिनीखालचें पाणी उपसण्याचा हक्क जमीनमालकास आहे, अशी समजूत रूढ आहे व तिला आधारही आहे. परंतु महाराष्ट्रांत १९९३ सालच्या भूजल कायद्यानें पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक उद्भवापासून ५०० मीटरच्या आंत परवानगीवांचून विहीर घेण्यास मनाई केली, आणि त्याची जागा घेणाऱ्या २००९ सालच्या कायद्यानेंही अशा उद्भवांस संरक्षण दिलें आहे. जमीनदार वाचकांस विनंति कीं, उंसासाठीं नवी खोल विंधन विहीर घेतांना शेजारच्या हापशाकडे एकदां पाहावें. विजेचा पंप एका रात्रींत जेवढें पाणी उपसतो, तेवढें वर काढण्यास हापशाला कित्येक दिवस लागतात. आणि पातळी खालीं गेल्यावर आधीं कोरडा पडतो तो हापसाच.

तिसरी, मालक कोण व निगा कोणाकडे. हें न लिहिल्यानें काय होतें, तें वर सांगितलेंच आहे.

६. यंत्राच्या मर्यादा

स्तुति एकांगी होऊं नये. हातपंप पाणी निर्माण करीत नाहीं. खडकांतील सांठा संपला तर उत्तम पंपही कोरडाच. मार्क दोन जातींत वाटी बदलण्यासाठीं सर्व नळ वर काढावे लागतात, हा त्याचा मोठा दोष. १९८० नंतरच्या दशकांत कोइमतूरकडील चांचण्यांतून निघालेल्या मार्क तीन जातींत नळ रुंद ठेवून दट्ट्या त्यांतूनच वर काढण्याची सोय केली आहे. गांवांतील दोघेजण थोड्या हत्यारांनीं तें काम करतात. मात्र रुंद नळ जड व महाग, म्हणून फार खोल विहिरींस ती जात सोईची नाहीं. शिवाय खोल पाणी नितळ दिसलें तरी निर्दोष असतेंच असें नाहीं. यवतमाळ, चंद्रपूर या जिल्ह्यांत कित्येक ठिकाणीं त्यांत फ्लोराइड अधिक आढळतें व त्यानें दांत व हाडें बिघडतात. परीक्षा केल्यावांचून पंप बसविणें हें उपकाराच्या नांवानें अपकार करणें होय.

कोणी विचारील, २०१९ सालापासून घरोघर नळ देण्याची सरकारी योजना चालू असतां हापशाचा विचार कशास? नळ यावेत, अवश्य यावेत. परंतु नळाला वीज, टांकी व दूरचा उद्भव लागतो, आणि टंचाईंत यांपैकीं एक तुटलें कीं नळ मुका होतो. हापशाला माणसाचा हात पुरतो. घरांत दिवे आले म्हणून कोणी समई टाकून दिली नाहीं.

७. समितीच्या अटी व विनंति

वरील विचारानें समितीनें यापुढें प्रत्येक पंपाबाबत पुढील अटी ठरविल्या आहेत :

(१) पंप बसविण्यापूर्वीं पाण्याची रासायनिक परीक्षा व्हावी.

(२) पंप सर्व जातिधर्मांच्या लोकांस खुला राहील असा ग्रामसभेचा ठराव आधीं व्हावा, आणि जागा त्या ठरावांतच नमूद असावी.

(३) पंप ग्रामपंचायतीच्या नांवें लेखी अर्पण करून तिच्या दप्तरांत त्याची नोंद करावी.

(४) गांवांतील दोन व्यक्ति, त्यांपैकीं निदान एक स्त्री, निगेसाठीं नेमाव्या. सांखळीस वंगण घालणें व सैल बोल्ट आंवळणें हें त्यांस शिकवावें आणि हत्यारें त्यांच्याच हवालीं असावीं.

(५) चामड्याच्या वाट्यांचे जादा जोड गांवांतच ठेवावे, आणि नळ काढणाऱ्या कारागिराची मजुरी देखभाल निधीच्या व्याजांतून समितीनें द्यावी.

(६) ओटा पक्का असून सांडपाणी नालीनें दूर जावें. शौचकूप, उकिरडा व गोठा यांपासून जागा लांब असावी.

(७) दात्याच्या नांवाच्या दगडावर खालीं रिकामी जागा सोडावी, आणि प्रत्येक दुरुस्तीची तारीख तेथें रंगानें लिहावी.

शेवटच्या अटीविषयीं दोन शब्द. दगडावर नांव असावें ही इच्छा निंद्य नाहीं. मलाही ती होती. परंतु ज्या नांवाखालीं पंप बंद आहे, तें नांव तहानलेल्या माणसास रोज काय सांगतें, याचा विचार दात्यानें करावा. दुरुस्तीची ताजी तारीख हीच त्या नांवाची खरी शोभा.

आतां आरंभींच्या प्रश्नाचें उत्तर. घेणाऱ्यानें निगा राखावी हें खरें, आणि वरील अटींनीं ती राखण्याचा भार गांवावर टाकलाच आहे. पण दुष्काळाच्या वर्षीं ज्या गांवाजवळ चाऱ्यासही पैसा नाहीं, तेथें कारागीर बोलावण्यास तो कोठून येणार? आणि पंपावर सर्वांत अधिक भार पडतो तो त्याच वर्षीं. म्हणून समितीची नम्र विनंति अशी कीं, चार पंपांचें द्रव्य देण्याचा ज्यांचा संकल्प असेल त्यांनीं तीनच पंप द्यावे, व चौथ्याचें द्रव्य त्या तिहींच्या देखभालीसाठीं ठेव म्हणून समितीच्या स्वाधीन करावें. चार दगडांऐवजीं तीन उभे राहतील. पण तिहींखालीं पाणी असेल. ज्यांनीं पूर्वीं पंप दिले आहेत, त्यांनीं ते चालू आहेत किंवा नाहींत एवढें एकदां स्वतः जाऊन पाहावें, आणि बंद आढळल्यास समितीस कळवावें. आगामी चैत्राच्या आंत हें झालें तर फार बरें, कारण त्यानंतर घागरी ओट्यावर येऊन बसतात.

माझ्या मातोश्रींच्या पंपाखालीं आतां एक तारीख लिहिलेली आहे. पुढची तारीख पडेल तेव्हां ती पाहावयास मी जाणार आहें.